संकटाआधी काढून ठेवलेला नकाशा

२०१२-१३ च्या सुमारास काठमांडू खोऱ्यात तरुण मुलामुलींचे गट शाळाशाळांतून हिंडत होते. त्यांच्या हातात परिसराचा छापील नकाशा, पेन आणि जीपीएसचे यंत्र असे. शाळेत पोहोचले की आधी इमारतीभोवती एक फेरी मारायची आणि मग कार्यालयात बसून विचारपूस करायची. इमारत किती मजली आहे, साधारण कधी बांधली, भिंती दगडमातीच्या आहेत की विटा-सिमेंटच्या, आत काँक्रीटचे खांब आहेत का, छप्पर स्लॅबचे की पत्र्याचे. अशा २,२५६ शाळा आणि ३५० आरोग्य केंद्रे त्यांनी नोंदवली. भूकंप झाला तर कोणती शाळा आधी पडेल आणि म्हणून कोणती आधी मजबूत करायला हवी, हे ठरवण्यासाठी ही माहिती हवी होती. पैसा आणि पाठबळ जागतिक बँकेच्या एका कार्यक्रमाचे होते. कामाचे प्रमुख होते नमराज बुढाथोकी. सामान्य लोक एकत्र येऊन नकाशे कसे घडवतात, या विषयावर त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात पीएचडी केली होती. याच कामातून पुढे २०१३ मध्ये ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्स’ ही संस्था उभी राहिली.

पाहणी करणे ही तशी नवलाची गोष्ट नाही. सरकारी खात्यांत आणि विद्यापीठांत पाहण्या सतत होत असतात. त्यांचे अहवाल निघतात, बांधणी होते आणि ते कपाटात जातात. काठमांडूच्या या गटाने एक गोष्ट वेगळी केली. गोळा केलेली माहिती त्यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या जगभरच्या मुक्त नकाशावर टाकली. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा कुणीही वापरू शकतो आणि कुणीही दुरुस्त करू शकतो. त्यामुळे काठमांडूची गल्ली, चौक, शाळा, दवाखाना हे सगळे कुणाची परवानगी न मागता कुणालाही उतरवून घेता येईल असे झाले.

२५ एप्रिल २०१५, शनिवार, सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसे मेली. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. हजारो शाळांच्या इमारती पडल्या किंवा वापरण्याजोग्या उरल्या नाहीत. वर्गांत मुले असती तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

पुढच्या काही तासांत जगभरचे स्वयंसेवक ओपनस्ट्रीटमॅपवर कामाला लागले. ही कामाची पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. आपत्तीचा प्रदेश संगणकावर छोट्याछोट्या चौकोनांत विभागला जातो. एक चौकोन एका माणसाने उचलायचा. पडद्यावर त्या चौकोनाचे उपग्रहचित्र येते. त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक घराचे कोपरे एकेक करून टिपायचे, रस्त्याची रेघ ओढायची, पायवाट असेल तर तीही. चौकोन संपला की दुसरा कुणीतरी अनुभवी माणूस तो तपासतो. डोंगराळ मुलखात यात एक अडचण नेहमी येते. उपग्रहाने चित्र तिरके घेतलेले असते, त्यामुळे उतारावरचे घर प्रत्यक्षापेक्षा काही मीटर सरकलेले दिसते. वेगवेगळ्या दिवशीच्या चित्रांत ते वेगवेगळीकडे सरकते. म्हणून आधी चित्र जागेवर आणायचे आणि मगच रेघ ओढायची, हे नवख्यांना पुन्हापुन्हा सांगावे लागते. भूकंपानंतरची ताजी चित्रे आल्यावर लोक मोकळ्या मैदानांत दाटीने दिसणारे ताडपत्र्यांचे ठिपकेही नोंदवू लागले. तिथे बेघर झालेली माणसे जमली होती. हेलिकॉप्टर उतरू शकेल अशा सपाट जागाही टिपल्या गेल्या.

शहराचा नकाशा आधीच तयार असल्यामुळे हे सगळे हात डोंगराकडे वळू शकले, हे विसरता कामा नये. सिंधुपाल्चोक, गोरखा, रसुवा अशा जिल्ह्यांत वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटाच नकाशावर नव्हत्या. काठमांडू लिव्हिंग लॅब्सच्या लोकांनी अंगणात बसून, धक्के सुरू असतानाच, कुठे काय हवे आहे याच्या नोंदी नकाशावर दाखवणारे संकेतस्थळ चालू केले. दोन-तीन वर्षांपूर्वी शाळा मोजत फिरलेल्यांपैकी कित्येकजण यात होते. त्यांना नकाशा वाचता येत होता, बदलता येत होता आणि ते त्याच गल्ल्यांत राहत होते.

याच्या उलट चित्र त्याआधी पाच वर्षे हैतीत दिसले होते. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्या दिवशी इंटरनेटवर पोर्ट-ओ-प्रिन्सचा जो नकाशा मिळत होता त्यात मोजके मोठे रस्ते होते आणि बाकी जागा कोरी होती. देशाच्या नकाशा संस्थेची इमारतच कोसळली. तिथले कर्मचारी मरण पावले आणि नकाशांची माहिती ढिगाऱ्याखाली गेली. एकाच इमारतीत, एकाच खात्याच्या ताब्यात माहिती ठेवण्याचा धोका याहून स्पष्ट कसा दिसावा! भूकंपानंतर उपग्रह कंपन्यांनी आपली चित्रे रेघा ओढण्यासाठी खुली केली. जागतिक बँकेने विमानातून नवी छायाचित्रे घेऊन तीही सर्वांना दिली. सहाशेहून अधिक स्वयंसेवकांनी महिन्याभरात शहराचा रस्तान्‌रस्ता काढला. मदतपथकांनी तोच नकाशा आपल्या यंत्रांत भरून घेतला. या अनुभवातून त्याच वर्षी ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ ही संस्था रीतसर स्थापन झाली.

हैतीची गोष्ट सांगताना स्वयंसेवकांचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण मला त्यातली उणीव जास्त महत्त्वाची वाटते. ढिगाऱ्याखालची माणसे जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने कमी होते आणि नेमक्या त्याच दिवसांत नकाशा काढायला सुरुवात होत होती. शिवाय परदेशात बसून चित्रावरून रेघ ओढणाऱ्याला छप्पर दिसते, त्याखाली दवाखाना आहे की गोदाम हे दिसत नाही. गल्लीला लोक काय म्हणतात तेही कळत नाही. ते सांगायला तिथलाच माणूस लागतो आणि त्याला ते शांतपणे सांगता येते ते संकटाच्या आधी.

‘पण आज फोनमध्ये सगळे नकाशे फुकट दिसतात की,’ असे कुणीही म्हणेल. दिसतात हे खरे. मात्र दिसणे वेगळे आणि हाताशी असणे वेगळे. फोनवरच्या व्यापारी नकाशातून एखाद्या तालुक्याची सगळी घरे एका फाइलीत काढून घ्या आणि त्यावर पुराचा थर टाका, असे म्हटले तर ते करण्याची मुभा आपल्याला नसते. हजार प्रती छापून गावोगाव वाटायच्या म्हटले तरी परवानगीचा प्रश्न येतो. ओपनस्ट्रीटमॅपचा २०१२ पासूनचा परवाना यासाठीच वाचण्याजोगा आहे. माहिती कुणीही, कोणत्याही कामासाठी घ्यावी, श्रेय द्यावे, आणि तिच्यात भर घालून ती माहिती पुढे दिली तर याच अटींवर द्यावी, एवढेच तो सांगतो. दुसरी गोष्ट फाइलीच्या स्वरूपाची. स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकलेला नकाशा माणसाला वाचता येतो, पण संगणकाला त्यातली रेघ नदी आहे की रस्ता हे कळत नाही. दुसऱ्या नकाशावर तो बिनचूक बसवताही येत नाही. आपल्याकडे ‘माहिती उपलब्ध आहे’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बऱ्याचदा अशी पीडीएफ उपलब्ध असते.

माहितीची किंमत काढून टाकली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण लँडसॅटचे. अमेरिकेचे हे उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची छायाचित्रे घेत आहेत. एकेकाळी एका चित्रासाठी सुमारे ६०० डॉलर मोजावे लागत. विक्रीच्या सर्वांत चांगल्या वर्षात, २००१ मध्ये, जेमतेम २५,००० चित्रे विकली गेली. २००८ मध्ये संग्रह मोफत खुला करण्याचा निर्णय झाला आणि त्यानंतर वर्षभरातच लोकांनी दहा लाखांहून अधिक चित्रे उतरवून घेतली. चित्रे तीच होती, उपग्रह तेच होते. मात्र आता एखाद्या नदीने तीस-चाळीस वर्षांत पात्र कसे बदलले, शहर कोणत्या ओढ्यावर चढत गेले, किनारा किती मागे सरला, हे पाहणे एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकालाही शक्य झाले.

युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांनी पुढची पायरी गाठली. त्यांतला सेंटिनेल-१ हा २०१४ मध्ये सोडलेला रडार उपग्रह आपल्यासारख्या पावसाळी मुलखासाठी फार मोलाचा आहे. पूर येतो तेव्हा वर ढग दाटलेले असतात आणि साध्या कॅमेऱ्याला ढगांखेरीज काही दिसत नाही. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. खडबडीत जमिनीवर आपटून त्यांचा काही भाग उपग्रहाकडे परततो, पण संथ पाण्यावरून त्या आरशावरून निसटल्यासारख्या दुसरीकडेच जातात. त्यामुळे रडारच्या चित्रात पाणी काळे दिसते. पुराआधीचे चित्र आणि पुरातले चित्र शेजारी ठेवले की नव्याने काळे झालेले क्षेत्र म्हणजे पुराखालची जमीन. दाट वस्तीत भिंतींमुळे लहरी गोंधळतात, तिथे हे चित्र फसवते. मोकळ्या शेतशिवारात मात्र ते चांगले काम देते. ही चित्रे मोफत मिळतात.

एवढे झाले तरी पुराचे क्षेत्र कळणे म्हणजे जोखीम कळणे नव्हे. जोखमीचा हिशोब तीन गोष्टींवर चालतो. संकट किती मोठे आहे, त्याच्या वाटेत कोण आणि काय येते, आणि वाटेत येणारे किती तग धरेल. रिकाम्या माळावर दहा फूट पाणी आले तर ती आपत्ती नसते, झोपडपट्टीत तीन फूट आले तर असते. पहिल्या गोष्टीची माहिती हवामान खाते, जलसंपदा खाते, भूवैज्ञानिक यांच्याकडे असते. दुसरीची महापालिकेकडे, महसूल खात्याकडे, जनगणनेकडे. तिसरीची बहुतेकदा कुणाकडेच नसते, ती घरोघर जाऊन घ्यावी लागते. या तीन थरांचे मालक वेगळे आणि ते एकमेकांना माहिती द्यायला नाखूश, म्हणून हिशोब कधी पुरा होत नाही. भू-स्थानिक, म्हणजे जागेशी जोडलेली, माहिती सर्वांना खुली असावी हा आग्रह मुळात यासाठी आहे.

इंडोनेशियाने हा हिशोब अधिकाऱ्याच्या टेबलावर आणला. जकार्तात २०११-१२ मध्ये वस्तीवस्तीच्या प्रमुखांना बोलावून, त्यांच्या शेजारी विद्यार्थी बसवून, वॉर्डांच्या हद्दी, शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे मुक्त नकाशावर चढवली गेली. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि जागतिक बँकेच्या मदतीने ‘इनासेफ’ हे मोफत सॉफ्टवेअर आले. एक थर पुराचा आणि एक थर घरांचा किंवा लोकसंख्येचा दिला की ते सांगते, किती लोक हलवावे लागतील आणि त्यांना काय लागेल. तिथल्या आपत्ती यंत्रणेच्या निकषांप्रमाणे माणशी आठवड्याला २.८ किलो तांदूळ, साडेसतरा लिटर पिण्याचे पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय. नकाशातून तांदळाचा आकडा निघणे ही मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते. जिल्हाधिकाऱ्याला रंगीत नकाशा दाखवला तर तो मान डोलावतो. अमुक इतकी पोती लागतील म्हटले तर तो फोन उचलतो.

टांझानियातल्या दार-एस-सलाम शहराने तिसऱ्या थराचा, म्हणजे तग धरण्याच्या माहितीचा, प्रश्न लोकांतूनच सोडवायचा प्रयत्न केला. या शहराची बहुसंख्य लोकसंख्या आराखड्याबाहेर वाढलेल्या वस्त्यांत राहते आणि म्सिम्बाझी नदीच्या काठच्या वस्त्या जवळजवळ दरवर्षी पाण्याखाली जातात. २०१५ मध्ये तिथे ‘रामानी हुरिया’ प्रकल्प सुरू झाला. आर्धी विद्यापीठ आणि दार-एस-सलाम विद्यापीठाचे विद्यार्थी वस्त्यांत उतरले आणि स्थानिक रहिवाशांना बरोबर घेऊन गटारे मोजू लागले. गटार किती रुंद, किती खोल, पक्के की मातीचे, कुठे तुंबलेले, पाणी कोणत्या बाजूला वाहते. वरून ड्रोनने चित्रे घेतली गेली, कारण पत्र्याला पत्रा लागलेल्या वस्तीत उपग्रहाच्या चित्रात दोन घरे वेगळी करणे कठीण जाते.

तिथली एक पद्धत विशेष उल्लेखावी अशी आहे. शहराचा सर्वांत लहान घटक ‘शिना’ म्हणजे काही घरांचा समूह आणि त्याचा म्होरक्या ‘म्जुंबे’. या शिनांच्या हद्दी कोणत्याही सरकारी नकाशावर नव्हत्या, त्या फक्त म्जुंबेंच्या डोक्यात होत्या. विद्यार्थ्यांनी ड्रोनच्या चित्राच्या मोठ्या प्रती काढल्या, म्जुंबेंपुढे ठेवल्या आणि बोट फिरवायला सांगितले. या आंब्याच्या झाडापासून त्या दुकानापर्यंत माझे, पलीकडचे त्याचे, असे करत हद्दी उमटल्या. मग मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते हे विचारले. पुराची पातळी मोजणारे यंत्र त्या गल्लीत कधीच नव्हते, पण भिंतीवरचा डाग आणि माणसांची आठवण होती. गणिती प्रारूपाने काढलेला पूर आणि लोकांनी दाखवलेला पूर एकमेकांवर ठेवून पाहता आले. जिथे दोन्ही जुळले नाहीत तिथे बहुधा एखादे तुंबलेले गटार असते, आणि ते प्रारूपाला माहीत नसते. ही सगळी माहिती मुक्त असल्याने नालेसफाईसाठी वापरलेला नकाशा पाण्याच्या नळजोडणीला, कचऱ्याच्या गाड्यांच्या मार्गाला आणि रोगाच्या साथीतही उपयोगी पडतो. विकासाचा नकाशा आणि आपत्तीचा नकाशा असे दोन नकाशे काढण्याची गरजच नसते.

नेपाळकडे पुन्हा यायला हवे, कारण भूकंपानंतरचे काम भूकंपातल्या कामाहून मोठे ठरले. घर पडलेल्या कुटुंबाला सरकार टप्प्याटप्प्याने तीन लाख नेपाळी रुपये देणार होते. त्यासाठी पडझड झालेल्या भागांत घरोघर तांत्रिक पाहणी झाली. प्रत्येक घराचा पाया कसला, छप्पर कसले, किती मजले होते, किती नुकसान झाले, हे टॅबवर नोंदवले गेले. त्यातल्या अकरा जिल्ह्यांची, साडेसात लाखांहून अधिक इमारतींची माहिती नेपाळ सरकारने पुढे इंटरनेटवर खुली केली. आपत्तीनंतर गोळा झालेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी हा एक. माणसांची नावे आणि ओळखी काढून टाकून तो दिला गेला. दगडमातीत बांधलेली घरे कशी आणि किती पडली, त्याच गावात सिमेंटची किती टिकली, याचा अभ्यास आता कुठल्याही देशातला विद्यार्थी करू शकतो. हिमालयाच्या आपल्या बाजूलाही तशीच घरे आहेत, त्यामुळे हा संग्रह उत्तराखंड, हिमाचल आणि सिक्कीमच्याही कामाचा आहे.

ओळखी काढून टाकल्या, ही बाब किरकोळ समजू नये. खुलेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी तिच्याकडे सर्वांत आधी बघायला हवे. झोपडपट्टीचे घरन्‌घर नकाशावर आले की तो नकाशा मदत पोहोचवणाऱ्याच्या हाती जातो, तसाच बुलडोझर आणणाऱ्याच्याही हाती जाऊ शकतो. युद्धाच्या प्रदेशात दवाखान्याची नेमकी जागा खुली करावी का, हा प्रश्न खराच आहे. माझे मत असे की इमारत, रस्ता, ओढा, उतार, पाण्याची पातळी हे सगळ्यांचे असावे आणि माणूस कोण, कुठल्या जातीचा, काय आजार, हे कधीही नकाशावर येऊ नये. दुसरा प्रश्न नकाशाच्या वयाचा. प्रकल्पाचा पैसा संपतो, परदेशी सल्लागार परत जातात आणि दोन वर्षांत नवी घरे, नवे रस्ते उठलेले असतात. काठमांडूत हे काम टिकले, कारण ते करणारी संस्था तिथल्याच लोकांची होती.

आपल्या देशात नकाशांभोवती दीर्घकाळ कुलपे होती. १७६७ मध्ये स्थापन झालेली भारतीय सर्वेक्षण संस्था मुळात लष्करी गरजेतून जन्मली आणि तो स्वभाव पुढे टिकला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे आणि संरक्षणाचे असे नकाशांचे दोन संच केले, तरी परवानग्यांचे जंजाळ राहिले. २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ आले. २०१७ मध्ये १:५०,००० प्रमाणाचे नागरी नकाशे भारतीय सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत मिळू लागले, पण पीडीएफ स्वरूपात. खरा बदल केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी केला. भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती वगळता सार्वजनिक पैशातून तयार झालेली भू-स्थानिक माहिती भारतीय संस्थांना वैज्ञानिक, आर्थिक आणि विकासाच्या कामांसाठी मिळावी, असे त्यात लिहिले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण जाहीर झाले.

त्यानंतर सातच महिन्यांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाडीला रस्ता नव्हता. बचावपथके चिखलातून डोंगर चढून गेली आणि यंत्रे वर नेता आली नाहीत. या वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दीडशेहून अधिक माणसांसह गाडले गेले होते आणि २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातले तळिये.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशातल्या डोंगराळ भागाचे दरडीच्या शक्यतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर केले आहेत. हे मोठे काम आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. मात्र या प्रमाणावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी तिथे दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका असते, तोही कुणी टिपला असेल तर. गाव महसुली असते, वाडी त्याच्या पोटात असते आणि याद्या गावांच्या होतात. नकाशा असता तर इर्शाळवाडी वाचली असती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीचे घरन्‌घर नकाशावर आणणे, त्यावर जमिनीच्या उताराचा थर ठेवणे आणि तीव्र उताराच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यांची यादी काढणे हे आज मोफत साधनांनी होण्यासारखे काम आहे. २००० साली अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने मोजलेल्या उंचीची माहिती ३० मीटर अंतराने मोफत मिळते. घरे उपग्रहचित्रावरून टिपता येतात. त्यानंतर वाडीत जाऊन विचारायचे ते असे: डोंगरात भेगा पडल्यात का, झऱ्याचे पाणी गढूळ येऊ लागले का, झाडे कलली आहेत का. कर्जत-खालापूरच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये काही कमी नाहीत.

उतारासाठी ३० मीटर अंतराने मोजलेली उंची चालते, पुरासाठी चालत नाही. याचा अर्थ कोल्हापूरकरांना चटकन कळेल. पावसाळ्यात तिथे प्रत्येकाच्या तोंडी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. हे आकडे एका बंधाऱ्यावरचे आहेत. ४७ फुटाला आपल्या गल्लीत काय होते हे शाहूपुरीतला किंवा प्रयाग चिखलीतला माणूस मागच्या पुराच्या आठवणीवरून ठरवतो, आणि नवीन भाडेकरूला ती आठवणही नसते. जलसंपदा खाते पूररेषा आखते, पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. बांधकाम परवानगीसाठी त्या रेषा असतात. रात्री दोन वाजता सामान माळ्यावर टाकायचे की घर सोडायचे, हे ठरवायला त्या पुरत नाहीत. त्यासाठी बंधाऱ्यावरच्या प्रत्येक फुटाला कोणती गल्ली भिजते, असा नकाशा हवा. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या माहितीत काही मीटरची चूक असते, म्हणजे आख्खा पूरच त्या चुकीत बुडून जातो.

२०२२ च्या धोरणात याचे उत्तर लिहिलेले आहे. २०३० पर्यंत मैदानी भागाची २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ भागाची एक ते तीन मीटर अचूकतेची उंचीची माहिती तयार करायची, असे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. हे काम देशभर एकाच वेळी होणार नाही, कुठूनतरी सुरू होईल. ते पंचगंगा आणि कृष्णेच्या काठापासून, चिपळूणच्या वाशिष्ठीपासून, महाडच्या सावित्रीपासून सुरू व्हावे, एवढी मागणी महाराष्ट्राने आजच करायला हवी. आणि ती माहिती तयार झाली की पीडीएफ नको. उतरवून घेता येईल अशी फाइल हवी, तिच्यावर स्पष्ट परवाना हवा, शेजारी राजाराम बंधाऱ्याची तासातासाची पातळी आणि राधानगरी धरणाचा विसर्ग त्याच स्वरूपात हवा. पुढचे काम कोल्हापुरातली मुले करतील. तिथल्या गल्ल्यांची माहिती त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला नाही.